बाईच्या अत्तराला बाईचा हात

नाकसाहेबांच्या घरात कांदा कधी चिरायचा हे बाटल्या ठरवायच्या. नवी बाटली आली की कांदा बंद, लसूण बंद, तळणाचं तर नावच काढायचं नाही. अंगाचा साबण बिनवासाचा, कपड्यांचा साबण बिनवासाचा, आणि पावडरीचा डबा कुणी चुकून आणलाच तर तो थेट कचऱ्यात. लेक शाळेत असताना मैत्रिणीकडून वासाचं खोडरबर घेऊन आली होती. साहेबांनी ते तिच्या दप्तरातून जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या हुडकलं आणि खिडकीतून भिरकावलं. पोर रुसून उपाशी झोपली. साहेब मात्र आपल्या नाकावर खूश होऊन दोन घास जास्तच जेवले.

हे साहेब वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत परफ्यूमची परीक्षणं लिहायचे. मोठमोठ्या फॅशनवाल्यांच्या नावाच्या बाटल्या, बायकांच्या आणि पुरुषांच्या, कंपन्या घरपोच पाठवायच्या आणि साहेब त्यांना तारे द्यायचे. पाच तारे पडले की दुकानात बाटली शिल्लक राहायची नाही, एकच पडला की दुकानदार ती गुपचूप मागच्या फळीवर सरकवायचा. 'नाकसाहेब' हे नाव वाचकांनीच ठेवलेलं. साहेबांना ते फार आवडायचं. बायकोलाही पूर्वी आवडायचं. हल्ली ते कानावर पडलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि का जाते तेच सांगायचंय.

परफ्यूमचा खरा वास कागदाच्या पट्टीवर कळत नाही, तो अंगावर कळतो. कातडीची ऊब लागली की तो हळूहळू उलगडतो, आणि दर माणसाच्या अंगावर थोडा वेगळा उलगडतो. हे त्या धंद्यातलं कुणीही सांगेल. पण साहेबांचा त्यापुढे स्वतःचा एक नियम होता, आणि तो ते भाषणांतून, मुलाखतींतून मोठ्या झोकात सांगायचे. पुरुषाच्या कोलोनला पुरुषाचा हात, बाईच्या अत्तराला बाईचा हात. म्हणून कोलोन ते स्वतःच्या मनगटावर मारायचे. आणि बाईचा हात कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता, तो घरात होताच.

ती घरी शिवणकाम करायची. पडदे, सोफ्याची कव्हरं, दुकानांच्या छत्र्यांची कापडं, असली जाड कामं. बाटलीच्या दिवशी मशीनवर झाकण पडायचं. सकाळी बिनवासाच्या साबणानं हात धुऊन ती खुर्चीत बसायची, बाह्या वर. डाव्या मनगटावर एक फवारा, उजव्यावर दुसरा, बाटल्या जास्त असल्या तर कोपराच्या आतल्या बाजूलाही. मग संध्याकाळपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, कपाळावरचे केससुद्धा मागे सारायचे नाहीत. त्या दिवशी भांडी साहेब घासायचे. शेजारणी बघायच्या आणि म्हणायच्या, काय नशीबवान आहेस गं. ती काय बोलणार? नवरा भांडी घासतोय हे तर सगळ्यांना दिसत होतं.

दर तासाला साहेब यायचे, तिचं मनगट दोन्ही हातांत घ्यायचे, डोळे मिटायचे आणि हुंगायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला ते प्रेमच वाटलं होतं. इतक्या हळुवारपणे कुणी तिचा हात धरलाच नव्हता. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की डोळे उघडल्यावर साहेब तिच्याकडे बघतच नाहीत, सरळ लिहायच्या टेबलाकडे चालायला लागतात. थोडं लागलं तिला. पण संसारात एवढं तेवढं चालायचंच म्हणून तिनं ते सोडून दिलं.

मागच्या वर्षीपासून साहेबांचं लिहिणं एकदम कडक झालं. कोलोनना चार-चार तारे, आणि बायकांच्या बाटल्या मात्र एकामागून एक आडव्या. 'पहिली पंधरा मिनिटं गुलाब, पुढे गंजका नळ.' 'नावाला चमेली, तासाभरानं ओलं पोतं.' 'हे लावून समारंभाला निघालेल्या बाईला माझा नमस्कार, लांबूनच.' वाचक जाम खूश. कुणाची तरी बिनपाण्यानं हजामत होताना बघायला लोकांना भारी मजा येते. नाकसाहेब म्हणजे सडेतोड, नाकसाहेब कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं जिकडेतिकडे झालं. छापायला देण्याआधी साहेब ही वाक्यं बायकोला वाचून दाखवायचे, आणि ती मशीनवरून मान वर करून हसायची. पोट धरून हसायची. हे तिला नंतर सगळ्यात जास्त झोंबलं.

हसताना दम लागायचा तो वेगळाच. सकाळी पाय सुजलेले असायचे, चपलेचा पट्टा लागायचा नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान बोटात शिरेना. अंगाला खाज सुटायची, काहीही खाल्लं तरी तोंडात लोखंड चघळल्यासारखं वाटायचं. ती म्हणायची, वय झालं, मशीनवर बसून बसून पाय सुजणारच. एकदा बाटलीच्या दिवशी तिनं साहेबांना सांगितलंही. "अहो, मला हल्ली फार थकायला होतं." साहेबांचं नाक तिच्या मनगटाला टेकलेलं होतं. ते म्हणाले, "हात हलवू नकोस."

शेवटी एक कंपनी चिडली. त्यांच्या बाटलीला साहेबांनी एक तारा दिला होता, तोही, साहेबांच्याच शब्दांत, काचेच्या आकारासाठी. कंपनीनं संपादकांना कळवलं, की हेच परफ्यूम बाकी सगळ्यांनी नावाजलंय, एकट्या तुमच्याच माणसाला त्यात गंजका नळ कसा सापडतो? ज्यांनी ते बनवलं त्या बाईंनाच आम्ही त्यांच्या घरी पाठवतो. समोरासमोर काय ते होऊन जाऊ दे. साहेबांनी लगेच होकार दिला. आपल्या नाकाची परीक्षा घ्यायला कुणी येतंय याचा त्यांना रागही होता आणि आनंदही.

कंपनीच्या बाई आल्या. साध्या कपड्यांतल्या, नखं अगदी बारीक कापलेली, स्वतःच्या अंगाला कसलाही वास नाही. त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर फवारा मारला, मग कॉलेजातून नुकत्याच आलेल्या लेकीच्या, मग बायकोच्या. चौथा हात त्यांनी साहेबांचा मागितला. साहेबांनी तो मागे घेतला आणि आपला नियम ऐकवला. मग सगळे वाट बघत बसले. चहासुद्धा करायचा नव्हता, त्यामुळे एकमेकांची तोंडं बघण्यावाचून काही कामच नव्हतं.

वेळ झाल्यावर बाईंनी स्वतःचं मनगट हुंगलं, लेकीचं हुंगलं आणि मान डोलावली. साहेबांनीही दोन्ही मनगटं हुंगली. त्यांचा चेहरा जरा पडला, कारण वास चांगला होता, नाकारता येण्यासारखा नव्हताच. पण लगेच त्यांनी बायकोचा हात धरून पुढे केला, बाजारात भाजी दाखवावी तसा. "आता हा बघा. बघा आणि मग मला सांगा."

बाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्यांनी परफ्यूमचा विषयच सोडून दिला. बायकोची दुसरी बाही दंडापर्यंत वर सारली आणि जिथे फवारा मारलाच नव्हता तिथे, नुसत्या कातडीवर, नाक नेलं. वर बघितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"ताई, जेवण जातंय का तुम्हाला?"

"फारसं नाही."

"खाज सुटते अंगाला? पाय सुजतात?"

बायकोनं पाय साडीखाली ओढून घेतले. या बाईला कसं कळलं?

"माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताला असा वास यायला लागला होता," बाई म्हणाल्या. "तिच्या किडन्या गेल्या होत्या. मी डॉक्टर नाही, माझं चुकतही असेल. पण तुम्ही तपासून घ्या. उद्यावर टाकू नका, आजच जा."

लेकीनं आईचा खांदा धरला. आणि साहेब? साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, हसू फुटलं, आणि ते म्हणाले, "म्हणजे माझं नाक चुकलं नव्हतं तर."

आता बोला. बायकोला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं. तो माणूस खरोखरच खूश होता. कंपनीच्या बाईंनी बाटली पिशवीत टाकली, "नाही चुकलं तुमचं नाक," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाची तपासणी केली आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, की दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात. डायलिसिसला पर्याय नाही. डाव्या हातात नस जोडायचं छोटं ऑपरेशन करावं लागेल, मग त्याच हातातून रक्त मशीनमध्ये जाईल आणि साफ होऊन परत येईल. "हे सगळं कधीपासून सुरू झालं असेल?" डॉक्टरांनी विचारलं. तिला सांगता येईना. थकवा काय एका दिवसात येतो? तो कधी आला आणि कधी घरचाच होऊन बसला, कुणाला कळतंय.

"मी सांगतो," साहेब म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. पांढऱ्या लिलीची ती उंच बाटली आली तेव्हा पहिल्यांदा, अगदी पुसट, मागच्या मागे, जुन्या नाण्यासारखं काहीतरी. त्यानंतरच्या गुलाबात ते स्पष्ट झालं. उन्हाळ्यातल्या संत्र्यांच्या सालीत त्याला आंबूस कडा आली. आणि चंदनाच्या वेळेपासून सरळ अमोनिया, लपवाछपवी नाही. बोलता बोलता त्यांना रंग चढला, हात हलायला लागले, डोळे मिटले. आपण डॉक्टरांच्या खोलीत बसलोय आणि शेजारी बायको बसलीय हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला हे वर्षभर जाणवत होतं?"

"हो ना. पण मला वाटलं माल वाईट आहे."

"एवढ्या सगळ्या कंपन्यांचा?"

डॉक्टर आता तिच्याशी बोलत होते, पण आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. त्या पहिल्या बाटलीच्या वेळी तुम्ही आला असता तर गोळ्यांवर आणि पथ्यावर बरीच वर्षं निभावलं असतं, असं काहीतरी ते म्हणत होते.

बाहेर आल्यावर ती रस्त्याच्या कडेनं भराभरा चालायला लागली. सुजल्या पायांनी तिला तेवढं चालवत नव्हतं, तरी चालली. साहेब मागून येत म्हणत होते, अगं थांब, अगं बोल ना काहीतरी. चपलांच्या दुकानासमोर तिला धाप लागली आणि ती थांबली.

"काय बोलू? गंजका नळ मी होते. ओलं पोतं मी होते. लांबूनच नमस्कार केलात तो मला केलात, आणि वर मलाच वाचून दाखवलंत. हसवलंत मला. मी थकले म्हटलं तर हात हलवू नकोस म्हणालात. कुत्रंसुद्धा धन्याच्या अंगाला वेगळा वास आला तर घुटमळतं हो, भुंकतं तरी. तुम्ही तारे देत बसलात."

"लोक बघतायत," साहेब हळूच म्हणाले.

"बघू देत. मला कुणीतरी बघू देत."

चपलांचा दुकानदार खरंच बघत होता. त्यानं आतलं स्टूल आणून तिच्यामागे ठेवलं. ती बसली. साहेब उभे राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला, कारण दुकानातून नव्या रबराचा वास येत होता. तिनं तो रुमाल बघितला. या माणसाच्या अंगात काही शिल्लक आहे की नुसतं नाकच आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्यांची किळस आली. चांगल्या बाईला नवऱ्याची किळस येऊ नये म्हणतात. तिला आली.

ऑपरेशन झालं, डायलिसिस सुरू झालं. डावा हात जपायचा होता. त्यावर दाब पडू द्यायचा नाही, त्यात घट्ट बांगडी घालायची नाही, कुणी तो धरायचा नाही. घरात कांदा चिरला जाऊ लागला. साहेब काही म्हणायचे नाहीत, पण खिडक्या उघडायचे. दवाखान्यात ते तिला सोडायचे, आणायचे, बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आतल्या औषधांच्या वासानं त्यांचं डोकं चढायचं. लेक आत बसायची, आईच्या उशाशी.

एका दुपारी ती दवाखान्यातून येऊन पडली होती. साहेब हातात कागद घेऊन आले. संपादकांना खुलासा हवा होता, कंपनीनं नवी बाटली पाठवली होती, पुन्हा परीक्षण करा म्हणून. साहेबांनी खुलासा लिहिला होता आणि सवयीप्रमाणे ते बायकोला वाचून दाखवायला आले होते. हद्द झाली की नाही? पण ते आले, पलंगाच्या कडेला उभे राहिले आणि वाचायला लागले.

"'गेल्या वर्षभरातील स्त्रियांच्या परफ्यूमची परीक्षणं मी मागे घेत आहे. चाचणीसाठी वापरण्यात आलेली त्वचा सदोष असल्याचं निष्पन्न झालं आहे. वाचकांची आणि संबंधित कंपन्यांची मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.' बरं झालंय ना?"

ती छताकडे बघत राहिली. बोलायला लागली असती तर थांबता आलं नसतं, आणि तेवढी ताकद अंगात नव्हती. साहेबांनी तिच्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला. त्यांनी लेकीला हाक मारली.

"ये इकडे. बाही वर कर. आता हे काम तुझं. त्या दिवशी तुझ्या हातावर फार छान उमललं होतं."

लेक आली. लहानपणापासून तिला बाबांच्या या कामाचं कौतुक होतं, मैत्रिणींत ती त्यांची पुरवणी मिरवायची. तिनं बाहीचं बटण काढलं. साहेबांनी बाटलीचं टोपण काढलं. आणि तेव्हा आई पलंगावर उठून बसली.

"आधी तो कागद तिला वाचून दाखवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"उद्या तिच्याबद्दल लिहाल. कसं लिहिता ते तिला कळू दे."

साहेबांनी कागद लेकीच्या हातात दिला. तिनं वाचला. एकदा वाचून पुन्हा वाचला. "बाबा," ती म्हणाली, "ही त्वचा म्हणजे आई ना?"

"तसं लिहायची पद्धत असते गं."

लेकीनं कागद टेबलावर ठेवला, बाही खाली केली आणि बटण लावून टाकलं. ती आईच्या शेजारी जाऊन बसली. साहेब उघडी बाटली हातात धरून उभे होते, आणि एका खोलीत दोन बायका असून त्यांना एकही हात मिळत नव्हता.

आई उठली. तिनं त्यांच्या हातातून बाटली घेतली, त्यांचं मनगट उलटं केलं आणि त्यावर फवारा मारला. साहेब मागे सरले नाहीत. तिनं त्यांना बोटानं खुर्ची दाखवली आणि ते बसले, हात मांडीवर उताणा ठेवून. वेळ गेला. मग साहेबांनी सवयीनं मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा. काय सुंदर आहे हे. माझ्या हातावरसुद्धा..." आणि ते थांबले.

"मग इतकी वर्षं माझा हात कशाला हवा होता?" तिनं विचारलं.

साहेबांनी विचार केला. खरंच केला, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "माहीत नाही," ते म्हणाले. "तू कधी नाही म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

साहेबांचा नाकाकडे गेलेला हात खाली आला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, सुजलेल्या पापण्यांकडे, खाजवून खाजवून काळवंडलेल्या दंडाकडे, डाव्या हातावरच्या पट्टीकडे. बहुधा पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बघितलं.

"कसं वाटतंय तुला?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर तिच्या तोंडात तयार असायचं, बरी आहे, चाललंय. कुणीही विचारलं तरी. आज तिनं ते गिळलं.

"बरं वाटत नाही," ती म्हणाली. "अजिबात बरं वाटत नाही. पहिल्यापासून सगळं सांगते. उठू नका. आणि लिहून घेऊ नका."